ट्रक झाडात घालायचा नसेल तर: आर्मा ३ मध्ये गाड्यांचा रूट कसा आखायचा

आर्मा ३ म्हणजे कॉम्प्युटरवरचा लष्करी लढाईचा गेम, आणि त्याच्या एडिटरमध्ये आपण स्वतः मिशन बनवू शकतो. नवीन पोरं हा एडिटर उघडतात, अल्टिस नावाच्या बेटाच्या मॅपवर एक ट्रक ठेवतात, दहा किलोमीटर लांब एक पॉइंट टाकतात आणि प्ले दाबतात. मग ट्रक पहिल्याच गावात भिंतीला घासतो, मागंपुढं करत बसतो, मागचे दोन ट्रक त्याच्यावर येऊन आदळतात आणि सगळे म्हणतात एआय (गाडी चालवणारा गेमचा कॉम्प्युटर ड्रायव्हर) बंडल आहे. एआय बंडल आहे ह्यात वाद नाय. पण बऱ्याचदा रूट त्याच्यापेक्षा बंडल असतो.

हे लिहितोय ते एडिटरमध्ये पहिल्यांदा मिशन बनवणाऱ्यांसाठी, आणि रविवारी रात्री सातारा-कराड-सांगलीची पोरं मिळून खेळतात तेव्हा ज्याच्या गळ्यात कॉन्व्हॉय लीडरची, म्हणजे गाड्यांच्या ताफ्याच्या म्होरक्याची माळ पडते त्याच्यासाठी पण. मोड वगैरे काय लागत नाय, साधा गेम बास.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा. मॅपवर पॉइंटला पॉइंट जोडणारी जी रेघ दिसते ती फक्त तुम्हाला दिसते, ड्रायव्हरला तिचं काय देणंघेणं नाही. त्याला पुढचा पॉइंट कळतो, तिथपर्यंत कसं जायचं ते तो स्वतःच ठरवतो, आणि सरळ रस्त्यावर तो कधी चुकत नाही, चुकतो ते वळणावर, पुलावर, गावातल्या गल्लीत आणि थांबताना. म्हणून मी रस्ता सगळ्यात शेवटी बघतो. आधी थांबे ठरवतो: पोरं कुठं उतरणार, रिकामी गाडी कुठं उभी राहणार, मधेच फायर आला तर कुठं घुसायचं. एवढं ठरलं की रस्ता जवळजवळ आपोआपच निघतो.

मॅप उघडा आणि दहा मिनिटं काहीच टाकू नका

खरंच काही टाकू नका. नुसतं बघा.

अल्टिस साधारण २७० चौरस किलोमीटरचा आहे आणि ग्रीसच्या लेमनॉस बेटावर बेतलेला आहे. (ह्यावरून राडा पण झालेला, २०१२ मध्ये गेम बनवणाऱ्या बोहेमिया इंटरअ‍ॅक्टिव्हच्या दोघांना लेमनॉसवर हेरगिरीच्या आरोपाखाली पकडलेलं, ते जानेवारी २०१३ ला जामिनावर सुटले, गेम त्याच वर्षी सप्टेंबरला आला.) शिकायला अल्टिसच घ्या, उघडा माळ आहे, रस्ते रुंद आहेत, चुकलं तर कुठं चुकलं ते लांबून दिसतं. तानोआ हा गेममधला दुसरा मॅप फिजीच्या धर्तीवरचा आहे, जंगल दाट आणि त्यात पूल, तिथं एआय ड्रायव्हर तुमची परीक्षा बघतो. लिव्होनिया पण झाडीचाच. ते दोन्ही नंतर.

मॅपवर दोन गोष्टी वाचता यायला पाहिजेत. एक ग्रिड. सहा आकडी ग्रिड म्हणजे शंभर मीटरचा चौकोन, पहिले तीन आकडे आडवे, नंतरचे तीन उभे. चार आकडी सांगितलात तर पूर्ण एक किलोमीटरचा चौकोन झाला, त्यात माणूस शोधायचा कुठं.

दुसरी गोष्ट समोच्च रेषा, त्या तपकिरी बारीक वळणावळणाच्या. शाळेत भूगोलाला होत्या, कुणी लक्ष दिलं नाही. एक रेषा म्हणजे एकच उंची, रेषा एकमेकींना चिकटल्या की चढ उभा, लांब लांब असल्या की सपाट. हे शिकायचा सोपा मार्ग म्हणजे आपला ओळखीचा रस्ता घ्यायचा. वाईवरून पाचगणीला चढणारा पसरणी घाट भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या टोपोशीटवर बघा, त्यात २० मीटरला एक रेषा असते. रस्ता कसा रेषांच्या कडेकडेनं तिरका जातो आणि जिथं रेषा कापायची वेळ येते तिथं कशी गुंडाळी घेतो ते बोटानं फिरवून बघा, घाट गाडीवर चढलेला असेल तर कुठलं वळण कुठं ते आठवेल पण. मग यवतेश्वरच्या घाटाचं तसंच करा. एवढं केलं की अल्टिसचा डोंगर बघून कळतं की हितं आठ चाकांचा हेम्ट ट्रक चढेल का मधेच धापा टाकेल.

आता जमीन लष्करी नजरेनं बघायची. फौजेत ह्याची पाच खाती असतात: कुठून दिसतंय आणि कुठून गोळी पोचतेय, आडोसा कुठं आहे, अडथळा कुठं आहे, हातात असलीच पाहिजे अशी मोक्याची जागा कुठली, आणि यायच्या-जायच्या वाटा कुठल्या. आपल्याकडं अपशिंगे मिलिटरीसारखं गाव आहे, घरटी फौजी. असे कुणी रिटायर्ड काका ओळखीचे असतील तर लॅपटॉपवर मॅप दाखवा त्यांना, गेम काय असतो ते माहीत नसलं तरी तुमचा ट्रक कुठं मार खाणार ते चहा संपायच्या आत सांगतील.

नवीन लोक हमखास करतात ते म्हणजे डोंगराच्या धारेवरून रूट नेणं, वरून सगळं दिसतं म्हणून. तुम्हाला सगळं दिसतं तसं सगळ्यांना तुम्ही पण दिसता, मागं नुसतं आभाळ असतं आणि ट्रकची आकृती दोन किलोमीटरवरून कळते. धारेच्या थोडं खालून, शत्रूच्या उलट बाजूच्या उतारावरून जा.

थांबे

उदाहरण घेऊ. झारोसवरून निओचोरीला माणसं पोचवायची आहेत, मधे थेरिसा आणि पोलियाक्को लागतात. सरळ रेषेत चारेक किलोमीटर, रस्त्यानं सहा धरा.

नवीन माणूस झारोसपासून सुरू करतो. तुम्ही निओचोरीपासून करा. शत्रू गावात आहे असं धरलं तर पोरं गावात उतरवायची नाहीत, गावाच्या आधी अशी जागा शोधायची की जिथून गावातली घरं दिसत नाहीत, मधे एखादा उंचवटा आहे, आणि ट्रकला वळायला मोकळं रान आहे. गावापासून सहाशे-आठशे मीटर ठीक आहे. तीनशेच्या आत आलात तर मशीनगनवाला उतरता उतरताच झोपवतो. दीड किलोमीटरवर उतरवलं तर पोरं चालून चालून शिव्या घालतात, तो पण विचार करा.

हा झाला उतरायचा पॉइंट. त्याच्या मागं एक थांबा असा पाहिजे जिथं सगळा ताफा एकदा गोळा होईल, कारण मधे कुणी ना कुणी मागं राहतंच. आणि वाटेत एक-दोन पळायच्या जागा, म्हणजे रस्त्यावरून चटकन उतरता येईल आणि आडोसा असेल अशा. ह्या एआयला द्यायच्या नसतात, ह्या माणसांसाठी मार्कर (मॅपवरची खूण) टाकून ठेवायच्या, मॅपवर डबल क्लिक केलं की मार्कर पडतो.

थांब्याचा हिशोब करताना शेपूट विसरू नका. सहा गाड्या आहेत, दोन गाड्यांत पन्नास मीटर अंतर आहे, तर पाच अंतरं म्हणजे अडीचशे मीटर, त्यात गाड्यांची लांबी मिळवली की तीनशे मीटरचा ताफा झाला. पहिली गाडी जिथं थांबते तिथून तीनशे मीटर मागं शेवटची थांबणार. मग बघा तिथं काय आहे. पूल आहे? चौक आहे? गावाचं तोंड आहे? असलं तर पहिल्या गाडीचा थांबा पुढं सरकवा. बऱ्याच मिशनमध्ये पहिली गाडी मस्त आडोशाला आणि शेवटची उघड्यावर पुलावर उभी, असलं चित्र असतं.

वेळेचा हिशोब पण हितंच करून टाका. ताशी ३० म्हणजे मिनिटाला पाचशे मीटर, हे पाठच करा. सहा किलोमीटरला बारा मिनिटं. तीनशे मीटरचा ताफा एखादा चौक ओलांडायला छत्तीस सेकंद घेतो, म्हणजे चौकावर कव्हर देणाऱ्याला तेवढा वेळ तरी तिथं थांबावं लागणार. आणि वेग सगळ्यात मंद गाडीचाच धरायचा. गळीत हंगामात उसाची डबल ट्रॉली पुढं लागली की मागचा कुठल्या कंपनीची गाडी चालवतोय त्याला अर्थ राहत नाही, तसंच इंधनाचा टँकर ताफ्यात असला की तुमच्या हंटरच्या (गेममधली वेगवान चिलखती गाडी) वेगाला अर्थ राहत नाही.

आता वेपॉइंट टाका

गाडी सिलेक्ट करा, शिफ्ट धरून राइट क्लिक करा, मूव्ह वेपॉइंट पडतो, म्हणजे गाडीनं गाठायचा टप्पा, आतापर्यंत ज्याला नुसतं पॉइंट म्हणत होतो तोच.

किती टाकायचे ह्यावर लोक भांडतात. काहीजण शंभर-शंभर मीटरवर टाकतात, मग गाडी प्रत्येक ठिकाणी ब्रेक मारल्यासारखं करत जाते आणि बघणाऱ्याला कसंतरी होतं. काहीजण एकच टाकतात. माझं मत असं की पॉइंट फक्त तिथं टाका जिथं ड्रायव्हरला निवड करावी लागते. दोन रस्ते फुटतात तिथं, फाटा ओलांडल्यावर पन्नासेक मीटर पुढं, म्हणजे तो फाट्यावर विचार करत बसत नाही. पुलाच्या अलीकडं एक आणि पलीकडं एक, दोन्ही पुलाच्या सरळ रेषेत, म्हणजे गाडी पुलावर तिरकी शिरत नाही. गावाला बायपास असेल तर बायपासवर एक, नाहीतर तो गावातनंच घालतो, त्याला जवळचं वाटतं ना. सरळ दोन किलोमीटर रस्त्याला काहीच टाकू नका.

पॉइंट रस्त्याच्या मधोमध आणा, पूर्ण झूम करून. दहा मीटर बाजूला शेतात पडला तर ड्रायव्हर इमानदारीत शेतात जातो, मग बांध, मग दगडी कुंपण, मग तुमचा फोन येतो. प्रत्येक मधल्या पॉइंटला कम्प्लिशन रेडियस वीस-तीस मीटर द्या, म्हणजे तेवढ्यात आला की झालं असं समजून तो पुढं निघतो. शेवटच्या थांब्याला मात्र कमी ठेवा.

मग सेटिंग. हितं सगळ्यात जास्त घोळ असतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. वेपॉइंटवर बिहेवियर नावाचं खातं असतं: केअरलेस, सेफ, अवेअर, कॉम्बॅट, स्टेल्थ. सेफ आणि केअरलेसमध्ये गाड्या रस्ता धरून चालतात आणि रात्री लाइट लावतात. कॉम्बॅटमध्ये रस्त्याचं प्रेम संपतं, लाइट बंद, जो तो रानातून. म्हणून ताफ्याला पहिल्याच पॉइंटवर सेफ, फॉर्मेशन कॉलम (एकामागं एक), स्पीड लिमिटेड (हळू). ह्या तीन गोष्टी केल्या तरी निम्मी रडारड बंद होते. पण सेफ असलं तरी गोळी आली की ग्रुप आपणहून कॉम्बॅटमध्ये जातो आणि ताफा विस्कटतो. केअरलेस दिलं तर असा बदल होत नाही, म्हणून काही मिशन बनवणारे डोळे झाकून केअरलेस देतात. सामानाच्या ट्रकला चालेल. माणसं भरलेल्या ताफ्याला देऊ नका, आजूबाजूला युद्ध चाललंय आणि हे वरातीला निघाल्यासारखे चाललेत असं दिसतं, खेळणाऱ्याची मजा जाते.

रात्रीचं मिशन असेल तर लाइटचा विचार आधीच करा, सेफमधला ताफा रात्री डोंगरावरून दिवाळीसारखा दिसतो.

आता सगळ्या गाड्या एका ग्रुपमध्ये ठेवायच्या का वेगवेगळ्या? तीन-चार गाड्या असतील तर एक ग्रुप, लीडर पहिल्या गाडीत. त्याच्यावर गेलात तर मी वेगळे ग्रुप करतो, सगळ्यांना तेच पॉइंट, आणि सुरुवातीच्या वेपॉइंटला टायमर लावून प्रत्येक गाडी दहा-पंधरा सेकंद उशिरा सोडायची. काम वाढतं पण एक गाडी अडकली की बाकीच्या तिची वाट बघत ताटकळत नाहीत. रणगाडे आणि ट्रक एका ग्रुपात तर अजिबात नको, पट्ट्यांच्या गाड्यांना रस्त्याची कदर नसते, त्यांना वेगळी वाट द्या.

उतरवणं

अनलोडचे दोन प्रकार नवीन माणसाला छळतात. ट्रकमधली माणसं दुसऱ्या ग्रुपची असतील तर ट्रकला ट्रान्सपोर्ट अनलोड द्यायचं, ती उतरतात आणि ट्रक मोकळा होतो. गेट आउट दिलंत तर ड्रायव्हर पण उतरतो आणि ट्रक तिथंच बेवारस. माणसं ट्रकच्याच ग्रुपची असतील तर साधं अनलोड. माझा सल्ला, माणसं कायम वेगळ्या ग्रुपची ठेवा, एडिटरमध्ये माणसांना ओढून ट्रकवर सोडलं की ती मागं बसतात, आणि उतरल्यावर कुठं जायचं त्याचे वेपॉइंट त्यांना स्वतंत्र द्या. नाहीतर उतरून तिथंच उभी राहतात.

आणि अनलोडच्या पुढं ट्रकला अजून एक पॉइंट द्याच. रिकामा ट्रक उतरायच्या जागेवर उभा राहिला की मागचा ट्रक अडतो आणि शत्रूला फुकटचं टारगेट. आडोशाला दोनशे मीटर नेऊन उभा करा.

तरीही ऐकत नसेल तर

थोड्या कमांड आहेत, एडिटरमध्ये गाडीच्या इनिट नावाच्या खात्यात टाकायच्या. फोर्स-फॉलो-रोड म्हणजे रस्ता सोडू नको. सेट-कॉन्व्हॉय-सेपरेशन म्हणजे पुढच्या गाडीपासून किती मीटर राहायचं. लिमिट-स्पीड म्हणजे वेगाला लगाम. एक भानगड लक्षात ठेवा, लिमिट-स्पीडला आकडा ताशी किलोमीटरमध्ये लागतो आणि फोर्स-स्पीड नावाची दुसरी कमांड आहे तिला सेकंदाला मीटरमध्ये, म्हणजे ३० घालून तुम्हाला वाटतं आरामात जाईल आणि तिनं समजलेलं असतं ताशी १०८.

कमांडच्या आधी मात्र एकदा जागेवर जाऊन बघा. कितीतरी वेळा कारण असतं एक विजेचा खांब नाहीतर कोपऱ्यावरची भिंत. एडिटरमध्ये हाइड टेरेन ऑब्जेक्ट्स नावाचा मॉड्यूल आहे, त्यानं तो खांब गायब करा, विषय संपला. दहा ओळींच्या स्क्रिप्टपेक्षा एक खांब काढणं सोपं आहे आणि कुणाच्या लक्षात पण येत नाही.

टेस्ट करताना स्वतःला वेगळ्या ग्रुपमध्ये ठेवून शेवटच्या ट्रकमध्ये मागं बसा. त्याच ग्रुपचे लीडर तुम्ही असाल तर सगळे तुमच्याकडं बघत बसणार, वेपॉइंट कुणी पाळणार नाही. वेळ पळवून बघितलं तरी चालतं पण शेवटची फेरी नॉर्मल वेगातच बघा, पळवलेल्या वेळेत एआयचं ड्रायव्हिंग अजूनच दिव्य होतं. आणि आधी शत्रू न ठेवता टेस्ट करा. रिकाम्या मॅपवर जो ताफा पोचत नाही तो फायरमध्ये काय पोचणार.

गाडी माणसं चालवत असतील तेव्हा

वर सांगितलेलं थांब्यांचं सगळं तसंच लागू, फक्त हितं एआयऐवजी मित्र असतात आणि ते जास्त बेभरवशाचे असतात.

मॅपवर कंट्रोल धरून लेफ्ट क्लिकनं ओढलं की रेघ काढता येते, रूट सगळ्यांना दिसेल असा काढा. फाट्यांना नावं द्या, छोटी आणि कानाला वेगळी वाटणारी. एक, दोन, तीन नको, रेडिओवर "दोन गाड्या दोनला थांबल्यात" असलं काहीतरी होतं. आम्ही नाक्यांची नावं देतो, पोवई, वाढे, उंब्रज, मलकापूर, आणि कुणालाच परत विचारावं लागत नाही.

लीडरनं पहिल्या गाडीत बसू नये. पहिली गाडीच सुरुंगावर जाते आणि मग पुढं काय करायचं ते सांगणारा कुणी राहत नाही. दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या गाडीत बसा. पहिल्या गाडीत ज्याची नजर चांगली आहे आणि जो कमी बोलतो तो. टूलकिटवाला इंजिनियर शेवटच्या गाडीत, कारण पंक्चर झालेली गाडी मागं राहते आणि शेवटच्यालाच ती भेटते. पुढं बसवला तर त्याला उलटं यावं लागतं.

अंतर उघड्या माळावर पन्नास ते शंभर मीटर, गावात कमी करा, पुढची गाडी वळणाआड गेली की मागच्यानं वेग वाढवून तिला नजरेत आणायचं. फायर आला तर रस्त्यात थांबायचं नाही, चालू शकते ती प्रत्येक गाडी पुढच्या पळायच्या जागेपर्यंत जाते, पुढचा रस्ता बंद झाला असेल तरच मागच्या जागेला. हे निघायच्या आधी एकदा तोंडानं सगळ्यांकडून वदवून घ्या. नाहीतर एकजण मागं घेतो, दुसरा पुढं जातो आणि मधला उतरून फोटो काढतो.

परतीचा रूट पण निघायच्या आधीच काढायचा, आणि शक्यतो वेगळा. समोर एखादा हुशार मिशनमेकर असेल तर तुम्ही गेलात त्या रस्त्यावर तुमच्या मागं सुरुंग टाकलेलेच असतात. दुसरा रस्ता नसलाच तर तोच घ्या पण पुलाच्या आणि अरुंद कापाच्या अलीकडं थांबून माइन डिटेक्टरवाल्याला चालत पुढं पाठवा, गाड्या त्याच्या शंभर मीटर मागं. झारोस-निओचोरीच्या वेळी पोलियाक्कोच्या आधीच वळून दुसऱ्या बाजूनं येता येतं का ते मॅपवर बघून ठेवा, थोडं लांब पडलं तरी टाकीत इंधन तेवढं असतंच.